स्क्रू जागेवर आहेत, तरी कंबर दुखतेच: दुसरं ऑपरेशन टाळून काय करता येईल?

कोपरखैरणेकर

आईचं वय ६१. १४ महिन्यांपूर्वी कमरेच्या तळाला एल४-एल५ आणि एल५-एस१ अशा मणक्यांच्या दोन जोड्यांत फ्यूजन (मणके एकमेकांना जखडणं) झालं. टायटॅनियमचे सहा स्क्रू, दोन रॉड. ऑपरेशनआधी उजव्या पायात वीज चमकावी तशी कळ जायची, ती गेली. आता दोन वेगळी दुखणी उरली आहेत.

पहिलं उजव्या बाजूला, कमरेच्या खळीच्या जरा खाली. बसून उठताना, कुशीवर वळताना आणि बसची उंच पायरी चढताना कळ येते. दहापैकी सहा-सात. दुसरं म्हणजे रात्री उजव्या पावलाची आग. सर्जननी एक्स-रे पाहून "सगळं जागेवर आहे, व्यायाम करा" एवढंच सांगितलं.

सध्याचे उपाय: रात्री नसेच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलिन १० एकत्र असलेली गोळी. दुखलं की ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल, दिवसाला दोन-तीन होतात. कंबरपट्टा सकाळी बांधला की झोपतानाच सुटतो. झोपणं फळीवर. घराजवळच्या क्लिनिकमध्ये शेक आणि करंट, २० सिटिंग झाली, त्या दिवसापुरतं बरं वाटतं. मधुमेह आठ वर्षांचा, मेटफॉर्मिन चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) १.१.

विचारायचं ते असं. पुन्हा ऑपरेशन न करता काय करता येईल? घरी टेन्सचं, म्हणजे कातडीवर पॅड लावून सौम्य करंट देणारं मशीन घ्यावं का? मणक्यातल्या इंजेक्शनचा कितपत उपयोग? आणि आठवड्यातून दोनदा तिला नातवासाठी ठाण्याला जावं लागतं, ते बंद करायचं का?

---

सुई आणि सी-आर्म

आधी एक गोष्ट, कारण ती न करता बाकी सगळं सुरू होतं आणि मग २० सिटिंग वाया जातात: दुखणं कुठून येतं ते ठरवा. "ऑपरेशननंतरची कंबरदुखी" हे निदान नाही. पूर्वी याला "फेल्ड बॅक" म्हणायचे, म्हणजे कुणीतरी नापास झाल्यासारखं. २०२१ मध्ये त्याऐवजी "पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम टाइप २" हे नाव सुचवलं गेलं. जड आहे, पण किमान दोष कुणाच्या माथी मारत नाही. नाव कुठलंही घ्या, त्याच्या पोटात सात-आठ वेगळी कारणं असतात. डिस्क पुन्हा सरकणं, नसेभोवती व्रणाची चिकट उती जमणं, फ्यूजन कच्चं राहून स्क्रू सैल होणं, वरच्या मणक्यावर ताण येणं, जंतुसंसर्ग, आधीच दुखावलेल्या नसेची आग, स्नायू वाळणं, आणि एसआय जॉइंट.

तुम्ही लिहिलेलं वर्णन मला या शेवटच्याकडे नेतं. पाठीच्या कण्याचा तळ, म्हणजे त्रिकास्थी, आणि कटीचं हाड यांच्यामधला हा सांधा. एरवी तो दोन-चार अंशांपलीकडे हलत नाही. पण एल५-एस१ पर्यंत सगळं जखडलं की वाकताना, चढताना जो ताण पूर्वी मणके वाटून घ्यायचे तो सरळ याच्यावर येतो. खालपर्यंत फ्यूजन झालेल्यांमध्ये हे वारंवार दिसतं, आणि वारंवार सुटूनही जातं, कारण एमआरआयमध्ये सांधा बहुतेक वेळा साधाच दिसतो.

घरी एवढं करा. आईंना सांगा, "जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे एक बोट ठेव." थोड्या वेळाने पुन्हा तेच करायला लावा. बोट दोन्ही वेळा खळीच्या खाली, साधारण सेंटिमीटरभराच्या आतच पडलं तर संशय पक्का. पूर्ण तळहात फिरवून "इथं सगळीकडे" म्हणाल्या तर गोष्ट वेगळी. मग फिजिओथेरपिस्टकडून पाच ताण-चाचण्या करून घ्या: सांधा फाकवणं, दाबणं, मांडीतून रेटा देणं, गेन्सलेन (एक गुडघा छातीशी, दुसरा पाय टेबलाच्या कडेखाली) आणि त्रिकास्थीवर दाब. पाचपैकी तीन किंवा जास्त वेळा तेच ओळखीचं दुखणं उठलं पाहिजे. एकट्या चाचणीला अर्थ नाही.

"सगळं जागेवर आहे" हे उभ्यानं काढलेल्या साध्या एक्स-रेवरून सांगितलं असेल तर ते अर्धंच उत्तर आहे. पुढे वाकून आणि मागे झुकून असे दोन एक्स-रे काढायला सांगा. स्क्रूभोवती काळी कडा दिसली किंवा जखडलेला भाग हलताना दिसला तर सीटी स्कॅन; हाड जुळलं की नाही ते सीटीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. एमआरआय करायचाच असेल तर गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देऊन. व्रणाची उती औषध शोषून उजळते, पुन्हा आलेली डिस्क मधे काळीच राहते. कॉन्ट्रास्टशिवायचा एमआरआय या प्रश्नापुरता पैसे वाया. त्याआधी क्रिएटिनिन ताजं हवं. टायटॅनियमला एमआरआय चालतो, फक्त स्क्रूच्या आसपासचं चित्र थोडं फाटतं.

जोडीला ईएसआर, सीआरपी (जंतुसंसर्ग किंवा दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आणि व्हिटॅमिन बी१२.

---

गोळ्यांचा हिशेब

बी१२ आधी करा, आणि मिथाइलकोबालामिनची कॅप्सूल सुरू करायच्या आधी करा. नंतर केलं तर आकडा फुगलेला येतो. आठ वर्षं मेटफॉर्मिन म्हणजे बी१२ कमी असण्याची चांगलीच शक्यता. पावलांची आग त्यानेही होते, मधुमेहानेही होते आणि एल५ च्या दुखावलेल्या नसेनेही होते. ओळखायची साधी खूण: दोन्ही तळपायांना मोज्यासारखी सारखी आग होत असेल तर साखर नाहीतर बी१२. एकाच पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे असेल तर एल५.

आता गोळ्या. ट्रॅमाडॉल आणि नॉरट्रिप्टिलिन ही जोडी मला खटकते. दोन्ही सेरोटोनिन वाढवतात, दोन्हींनी बद्धकोष्ठ होतं, फेफऱ्याचा धोकाही वाढतो. वर प्रेगाबालिन म्हणजे गुंगीवर गुंगी. ६१ व्या वर्षी रात्री बाथरूमला उठताना पडणं हा यातला खरा धोका आहे. ट्रॅमाडॉलने मधुमेहींची साखर कधीकधी एकदम खालीही जाते. बद्धकोष्ठामुळे कुंथावं लागलं की कंबर आणखी दुखते, आणि आणखी एक गोळी घेतली जाते! हे चक्र तोडायला रात्री इसबगोल आणि दिवसभर पुरेसं पाणी, एवढं तरी आजपासून.

ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या गोळीत ३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅम असतं. तीन गोळ्यांचं पॅरासिटामॉल जेमतेम एक ग्रॅम, ते ठीक. पण त्यात सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी अशी भर पडते, आणि त्या प्रत्येकीत पुन्हा पॅरासिटामॉल असतंच. सगळं मिळून दिवसाला तीन ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नका. अ‍ॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक रोज तर नकोच; मधुमेह, त्यात बीपीची गोळी असेल, तर मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो.

कुठलीही गोळी एका दिवसात बंद करायची नाही. प्रेगाबालिन निदान आठवडाभर उतरवत न्यावी लागते, नाहीतर झोप उडते, घाम येतो, अंग थरथरतं. ट्रॅमाडॉल रोज महिनोन्‌महिने चालू असेल तर तेही पायरीपायरीने. आणि एक, २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवाला देत असेल तर तो उपकार नाही करत.

प्रेगाबालिनकडून अपेक्षाही बेताची ठेवा. सायटिकासाठी (कमरेतून पायात जाणारी नसेची कळ) त्याची औषध नसलेल्या बनावट गोळीशी तुलना करणारी ऑस्ट्रेलियातली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पायदुखीत फरक पडला नाही, चक्कर मात्र जास्त आली. ते रुग्ण ऑपरेशन झालेले नव्हते, तरी धडा घेण्यासारखा आहे. आठ आठवडे योग्य मात्रेत घेऊन आग कमी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून उतरवा. ड्युलोक्सेटिन हा पर्याय आहे, ३० पासून सुरू करून ६० पर्यंत. मात्र ट्रॅमाडॉल आणि नॉरट्रिप्टिलिनच्या जोडीला नव्हे, त्यांच्या जागी.

---

कणा ताठ

वरच्या दोघांनी महत्त्वाचं सांगितलं. मी शेक-करंटवर आधी बोलते, कारण त्यात एक गोष्ट तातडीची आहे.

तो शेक कशाचा होता? गरम पिशवीचा असेल तर हरकत नाही. दोन मोठ्या प्लेटा लावून आतून ऊब आणणारी शॉर्टवेव्ह डायथर्मी असेल तर लगेच थांबवा. शरीरात धातू असेल तिथे ती वापरायचीच नाही. स्क्रूजवळ उष्णता एकवटते आणि आतल्या आत भाजू शकतं, वर कातडीवर काही दिसतही नाही. गर्दीच्या क्लिनिकमध्ये फाईल न पाहता सगळ्यांना एकच मशीन लागतं, म्हणून जाताना तुम्हीच सांगा: "आत स्क्रू आहेत." ट्रॅक्शनलाही साफ नकार द्या. जखडलेले मणके ओढून काय साधणार?

टेन्सचं मशीन घ्यायला हरकत नाही, पण ते कशासाठी ते समजून घ्या. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेली "गेट" ची कल्पना त्यामागे आहे: स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या की मज्जारज्जूत वेदनेचा दरवाजा अर्धवट लोटला जातो. मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ आराम, बस. म्हणून ते चालायच्या किंवा व्यायामाच्या आधी लावायचं, सोफ्यावर पडून नव्हे. ८० ते १०० हर्ट्झ, पल्स १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, २० ते ३० मिनिटं. जोरकस मुंग्या याव्यात, पण स्नायू आखडू नये. दहा मिनिटांनी सवय होऊन मुंग्या मंदावतात, तेव्हा एक टप्पा वाढवा. पॅड दुखऱ्या जागेच्या वर आणि खाली, व्रणावर नाही, आणि जिथे कातडी बधिर आहे तिथे तर मुळीच नाही. पेसमेकर असेल तर नकोच. धातूचे स्क्रू टेन्सला आड येत नाहीत, लोक याची उगाच भीती घालतात. पॅड सुकले की एकाच कोपऱ्यातून करंट जाऊन चटका बसतो. पाण्याचं बोट फिरवा, तरी चिकटेना तर बदला.

कंबरपट्टा १४ महिने दिवसभर! हाच निम्मा प्रश्न असावा. ऑपरेशनमध्ये मणक्यांना चिकटलेले मल्टिफिडस स्नायू बाजूला सारावे लागतात, ते आधीच दुबळे झालेले असतात. पट्ट्याने त्यांना कायमची सुट्टी दिली. एकदम काढू नका. दर तीन दिवसांनी एक तास कमी करा, सुरुवात घरात बसलेल्या वेळेपासून. बदल्यात एसआय बेल्ट घ्या, तीन-चार इंच रुंदीचा. तो कमरेला नाही बांधायचा, तिथेच सगळे चुकतात. कटीच्या हाडाच्या पुढच्या टोकांच्या खाली, मांडीच्या बाजूला जे हाड हाताला लागतं त्याच्या किंचित वर. साडीवरून बांधला तर घसरतो, आतून बांधा. फक्त चालताना आणि प्रवासात.

व्यायाम मी वाकवलेल्या एक्स-रेचं उत्तर आल्यावरच सांगेन. फ्यूजन हलत असेल तर क्रम बदलतो. तोवर सपाट जागी चालणं: दुखणं दोन गुणांनी वाढायला किती मिनिटं लागतात ते तीन दिवस मोजा आणि त्याच्या साठ-सत्तर टक्के वेळ, दिवसातून तीनदा.

---

मधलं स्टेशन

विषयात फार पडत नाही, पण कुणीच लिहिलं नाही म्हणून: लघवी अडणं किंवा न कळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल अचानक लुळं पडणं, ताप, जखमेतून पाणी, किंवा पोटरी सुजून गरम होणं. यातलं एकही दिसलं तर ही सगळी चर्चा सोडून त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. सकाळची ओपीडी बघू, असं करू नका.

---

पायरी जपून

ठाण्याला जाणं बंद करू नका. जाण्याची पद्धत बदला.

ट्रान्स-हार्बर लोकलने कोपरखैरणे ते ठाणे वीसेक मिनिटांचा प्रश्न आहे. त्रास गाडीपेक्षा दोन्ही टोकांना होतो. सकाळी ऑफिसच्या गर्दीत जाऊ नये, साडेदहानंतर निघावं. बसायला मिळालं तर सीटच्या मागे टेकून, पाठीमागे टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी. उभं राहायची वेळ आली तर वरची कडी धरून लोंबकळणं वाईट, त्यात कंबर पिळते. खांब धरावा, पाय फूटभर अंतरावर, गाडीच्या दिशेने एक पुढे एक मागे. ठाण्याला उतरल्यावर लोंढा जाऊ द्यावा, मग सरकता जिना किंवा लिफ्ट. जिन्याला पर्याय नसेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठड्याला हात.

रिक्षात शिरताना एक पाय आत टाकून वळणं ही एसआय जॉइंटची सगळ्यात नावडती हालचाल. आधी सीटवर पाठमोरं बसायचं, मग दोन्ही गुडघे एकत्र आत घ्यायचे. पावसाळ्यात घोडबंदर रोडकडे जायचं असेल तर रिक्षाऐवजी बस घ्यावी, दोन चाकांच्या मधली सीट पकडून. मागच्या चाकावरची सीट खड्ड्यात उडवते. स्कूटरच्या मागे, त्यातून एका बाजूला पाय सोडून बसणं, अजिबात नको.

घरातलं जास्त महत्त्वाचं, कारण तिथे तेच दिवसातून पन्नासदा होतं. ओट्यापाशी उभं राहताना चार-सहा इंचांचा पाट खाली ठेवून एक पाय त्यावर, पाच मिनिटांनी पाय बदलायचा. कणीक खाली बसून मळायची नाही. कपडे पिळणं म्हणजे कंबरेला पीळ. बादलीतून काढून दोरीवर निथळत ठेवा. फरशी लांब दांड्याच्या मॉपने. भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची. पूजेला पाटाऐवजी १८ इंचांची खुर्ची आणि देव्हारा त्या उंचीला; यावरून घरात वाद होईल, होऊ द्या.

फळी काढा. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर जास्त सुधारली, असं २००३ मध्ये लॅन्सेटमधल्या ३१३ जणांच्या चाचणीत दिसलं होतं. ते रुग्ण साध्या जुनाट कंबरदुखीचे होते, पण फळीच्या बाजूने पुरावा त्यांच्यासाठीही नव्हता. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये जाड उशी, घोट्यापर्यंत पोचेल अशी. नुसती गुडघ्यात ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि सांधा पिळतोच. वळताना गुडघे वाकवून, खांदे आणि कंबर ओंडक्यासारखे एकदम.

---

कोपरखैरणेकर

दहा दिवसांनी लिहितोय. शॉर्टवेव्हच होती. बंद केली.

एक बोट दोनदा ठेवायला लावलं, दोन्ही वेळा उजव्या खळीच्या खाली तिथेच. वाकवलेल्या एक्स-रेत हालचाल नाही, स्क्रूभोवती कडा नाही, एल३-एल४ ठीक. ईएसआर, सीआरपी नॉर्मल. बी१२ मात्र १६८. आग उजव्याच पावलाच्या वरच्या बाजूला आहे. टाचांवर चालता येतं, चवड्यांवरही. उजवा अंगठा जरा कमी उचलतो, तो ऑपरेशनआधीपासून तसाच. एका शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या फिजिओ विभागात दाखवलं, पाचपैकी चार चाचण्यांना दुखलं. ते एसआय इंजेक्शन सुचवताहेत. आधी व्यायाम करावा की आधी इंजेक्शन?

---

कणा ताठ

व्यायाम आजपासून, इंजेक्शन लागलं तर मधे. नुसत्या सुईने सांधा शांत होतो, पण त्याला धरणारे स्नायू आले नाहीत तर दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

पहिले दोन आठवडे उताण्याने, गुडघे वाकवून. श्वास पोटात घ्या, सोडताना बेंबीखालचा भाग घट्ट करा, कुणी पोटात बोट खुपसणार असल्यासारखा. १० सेकंद धरायचं, सहा वेळा. श्वास रोखला तर मोजायचं नाही. मोठ्याने आकडे म्हणायला लावा, म्हणजे रोखता येत नाही. मग नितंब उचलणं, आठ वेळा, दोन फेऱ्या. हे नितंबांनी उचलायचं, कंबरेने नाही. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा लांब आहेत, जवळ घ्या. कंबरेत ताण आला तर जास्त वर जाताय. दुखत नसलेल्या कुशीवर झोपून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडणं, दहा वेळा. यात कटी मागे कलंडते, म्हणून पाठ भिंतीला लावून करा.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीतून उठणं. १८ इंचांची खुर्ची, पुढच्या कडेवर सरकून, पाठ सरळ ठेवून नाक पावलांच्या पुढे येईपर्यंत झुकायचं आणि मग उठायचं. पाच वेळा, दोन फेऱ्या. आईंची सगळ्यात दुखरी हालचाल हीच असल्याने हा खरा व्यायाम आहे, बाकीचे त्याची तयारी. मग हातगुडघ्यांवर येऊन एकच पाय मागे, १० सेकंद. पुढे विरुद्ध हातही. पाठीवर रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवा, पडला तर कंबर वळतेय.

पावलाच्या आगीसाठी नस सरकवणं: खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. दहा वेळा, कुठेही न थांबता. मान उलट दिशेने गेली तर तीच नस ताणली जाते आणि रात्री आग दुप्पट होते. हे नेमकं उलटं शिकवलेलं बऱ्याचदा दिसतं.

मात्रा कशी ठरवायची? व्यायामानंतर दुखणं दोन गुणांपर्यंत वाढलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत उतरलं तर चालेल. नाही उतरलं तर निम्मं करा, बंद नाही. चांगल्या दिवशी उत्साहात दुप्पट चालून पुढचे तीन दिवस झोपून काढणं हे सगळ्यात जास्त घडतं, म्हणून चांगल्या दिवशीही ठरलेल्या मिनिटांवर थांबायचं. चालण्याची वेळ आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवा. तुमच्याकडे सेक्टर १४ चं निसर्ग उद्यान सोयीचं आहे, पावसात सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग. यूट्यूबवरचे सूर्यनमस्कार सध्या नकोत. कमरेतून होणारं वाकणं आता नितंबांतूनच होणार आहे, आणि मणका "कडकन बसवून" देणाऱ्यांकडे तर फिरकूही नका.

स्नायूंत फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात "काहीच होत नाही" असं त्या म्हणतील. म्हणू द्या.

---

सुई आणि सी-आर्म

इंजेक्शनबद्दल. सहा आठवडे व्यायाम करून दुखणं चारच्या खाली आलं तर सुई नकोच. नाही आलं तर घ्या, पण त्याचे दोन उपयोग वेगळे समजा.

पहिला निदानाचा. सी-आर्मखाली (पडद्यावर लगेच चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र) सुई सांध्यात गेल्याचं डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, टाकून पाहतात, मग बधिर करणारं औषध. सांध्यात मावतंच जेमतेम दोन मिलिलिटर. अंदाजाने ओपीडीत टोचलेलं औषध बहुतेक वेळा सांध्याबाहेर जातं, म्हणून सी-आर्मशिवाय घेऊ नका. त्या सकाळी वेदनाशामक नाही, आणि झोपेचं इंजेक्शनही शक्यतो नको. पुढचे पाच-सहा तास निर्णायक. लोक घरी जाऊन झोपतात आणि संध्याकाळी "थोडं बरं वाटलं" म्हणतात, त्यातून काहीच कळत नाही. आईंना दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठवा, कुशीवर वळवा, चार पायऱ्या चढवा, आणि प्रत्येक वेळी गुण लिहा. सातचा दोन झाला तर दुखणं तिथलंच. सातचा पाच झाला तर आणखी काही आहे.

दुसरा उपयोग स्टिरॉइडचा. ते दोन-तीन दिवसांनी काम सुरू करतं आणि काही आठवडे ते काही महिने टिकतं. तोच व्यायाम वाढवायचा काळ. पुन्हापुन्हा सुई लागली, आणि दर वेळी आराम स्पष्ट मिळाला, तर सांध्याच्या बारीक नसांना रेडिओफ्रिक्वेन्सीने शेकता येतं. त्याचा परिणाम सहा महिने ते वर्षभर, मग नसा पुन्हा उगवतात.

एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेलं इंजेक्शन, कुणी सुचवलं तर ते पायाच्या कळेसाठी असतं, या दुखण्यासाठी नाही. ऑपरेशन झालेल्या जागी मधून सुई घालणंही अवघड, तिथला पिवळा बंध काढलेला असतो आणि आवरणाला भोक पडू शकतं. म्हणून माकडहाडाच्या वरच्या छिद्रातून किंवा बाजूच्या खिडकीतून जातात. मज्जारज्जूजवळ तारा बसवून बॅटरीने उत्तेजन देण्याचा उपाय १९६७ पासून आहे. तो पायाच्या हट्टी आगीला जास्त लागू पडतो, खर्च लाखांत, आणि आधी आठवडाभर बाहेरून तार लावून चाचणी घेतात. निम्मं दुखणं कमी झालं तरच बॅटरी आत. आईंची आग त्या टप्प्यावर नाही.

---

कोपरखैरणेकर

स्टिरॉइडने साखर वाढेल ना? आणि बी१२ कसं द्यायचं?

---

गोळ्यांचा हिशेब

वाढेलच. पहिले तीन दिवस जास्त, आठवडाभरात उतरते. त्या काळात ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, रोज. मधुमेहाच्या डॉक्टरांना तारीख आधी कळवा. ३०० च्या वर गेली तर काय करायचं ते लिहून घ्या. इंजेक्शनच्या सकाळीच साखर २०० च्या वर असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचं, फोनवरच्या रिसेप्शनिस्टने नाही.

१६८ म्हणजे कमीच. नसेची लक्षणं आहेत म्हणून बरेच डॉक्टर आधी इंजेक्शनचा कोर्स देतात, मग रोजची गोळी. मेटफॉर्मिन चालू आहे तोवर वर्षातून एकदा तपासायचं. आग उतरायला तीन महिनेही लागतात, पंधरा दिवसांत सोडू नका. आणि आईंना तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल तर तेही इथेच विचारून ठेवतो. निकोटिनने हाड जुळणं रेंगाळतं आणि नसांचा रक्तपुरवठा आखडतो.

---

कोपरखैरणेकर

मशेरी आहे. सकाळ-संध्याकाळ. सर्जनकडे कुणी विचारलंच नव्हतं, तिनेही सांगितलं नाही.

---

कणा ताठ

मग ती आधी. मशेरी लावायची वेळ आली की दहा मिनिटं चालायला न्या, बडीशेप-ओवा भाजून डबीत द्या. आणि आज खुर्चीतून किती वेळा उठल्या ते इथे लिहा.